चोरांची टोळी, शेठजींची वही

१. आईबापांचा प्रश्न

‘नायकच चोर, जुगारी आणि खुनी असतील, तर असलं पुस्तक पोरांच्या हातात द्यायचं का?’ ली बार्डूगो यांची ‘क्रुकेड किंग्डम’ ही कादंबरी मुलाच्या दप्तरात दिसली की घरात हा प्रश्न निघतोच. त्यामागोमाग दुसरा येतो: ‘यात जादूबिदू आहे म्हणे, मग ही परीकथा का?’ दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. पहिल्यासाठी मात्र बराच वळसा घ्यावा लागतो. तो वळसा अॅमस्टरडॅमच्या शेअरबाजारातून, पॅरिसच्या भंगारवाल्यांच्या गल्लीतून आणि थोडा आपल्या वेंगुर्ल्यावरूनही जातो.

आधी ओळख. बार्डूगो यांचा जन्म १९७५ सालचा, जेरुसलेमचा. वाढल्या त्या लॉस एंजेलिसमध्ये, शिकल्या येल विद्यापीठात. २०१२ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली आणि तिच्यातून एक कल्पित जग सुरू झालं. त्याच जगात २०१५ मध्ये ‘सिक्स ऑफ क्रोज’ आली आणि बरोबर वर्षभराने, सप्टेंबर २०१६ मध्ये, तिचा उत्तरार्ध ‘क्रुकेड किंग्डम’. पहिल्या भागाच्या पानांच्या कडा काळ्या रंगवलेल्या होत्या, दुसऱ्याच्या लालभडक. कपाटात शेजारी ठेवले तर कोळशाशेजारी निखारा ठेवावा तसे ते दिसतात.

इंग्रजीत बारा ते अठरा या वयाच्या वाचकांसाठी ‘यंग अॅडल्ट’ नावाचा स्वतंत्र विभाग असतो. मराठीत हा कप्पा जवळजवळ रिकामाच आहे. आपली मुलं ‘फास्टर फेणे’वरून थेट मोठ्यांच्या कादंबरीवर उडी मारतात, मधली पायरी इंग्रजीतून भरून काढतात. म्हणूनच या पुस्तकात नेमकं काय आहे, हे न वाचलेल्या पालकालाही कळायला हवं.

कथेतली काही गुपितं पुढे फुटणार आहेत. सगळी नाही.

२. जादू, पण बेताची

या जगात ‘ग्रीशा’ नावाची माणसं आहेत. कुणाला वारा वळवता येतो, कुणाला धातू घडवता येतो, कुणाला दुसऱ्याच्या हृदयाचे ठोके थांबवता येतात. पण बार्डूगो यांनी एक अट घालून ठेवली आहे: शून्यातून काहीही निर्माण करता येत नाही. जे आहे त्याच्यातच फेरफार करता येतो. विरजण दूध तयार करत नाही. दूध आधी पातेल्यात असावं लागतं, विरजण फक्त त्याचं दही करतं. ग्रीशांची विद्या ही अशी विरजणाची विद्या आहे. म्हणून ते स्वतः तिला जादू म्हणतच नाहीत, लहानसं विज्ञान म्हणतात.

ही अट वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे सगळी कथा बदलते. अमर्याद जादू असती तर प्रत्येक पेच एका मंत्राने सुटला असता. इथे ग्रीशा हे एक कौशल्य आहे, आणि कौशल्य असलं की त्याला बाजारभाव येतो. चार देश ग्रीशांशी चार तऱ्हांनी वागतात. उत्तरेतल्या फिएर्डात त्यांना चेटके म्हणून पकडून मारतात. शू हानमध्ये त्यांच्यावर प्रयोग होतात. राव्कामध्ये त्यांची फौज आहे. आणि व्यापाऱ्यांच्या केर्च देशात? तिथे त्यांना करारावर राबवून घेतात. फर्मास कागद, खाली सही, आणि मग वर्षानुवर्षं मालकाची चाकरी.

या करारावर बोट ठेवा. पुढे तोच कामाला येणार आहे.

३. केटरडॅम नावाचं अॅमस्टरडॅम

केर्चची राजधानी केटरडॅम. कालवे, अरुंद उंच घरं, धुकं, गोदामं, जुगाराचे अड्डे. सतराव्या शतकातल्या डच प्रजासत्ताकाचा हा चेहरा बार्डूगो यांनी उघडच उसना घेतला आहे. इथल्या देवाचं नाव गेझेन, आणि तो चक्क व्यापाराचा देव. राज्य चालवतं ते व्यापारी मंडळ. लिलाव हा तर जवळपास धर्मविधी, त्यात ढवळाढवळ करणं म्हणजे पाप आणि गुन्हा दोन्ही.

हे अतिरंजित वाटत असेल तर खऱ्या अॅमस्टरडॅमकडे पाहावं. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि तिच्या भांडवलासाठी सामान्य लोकांकडून पैसे घेतले गेले. एकट्या अॅमस्टरडॅमात हजाराहून जास्त लोकांनी त्यात पैसे घातले. पुढे या भागभांडवलाची आपसात खरेदी-विक्री सुरू झाली आणि १६११ मध्ये शहराला बाजारासाठी खास इमारतही मिळाली.

बाजार आला की त्यामागे लबाडी आलीच. इझाक ल मेअर हा याच कंपनीचा एक मोठा भागधारक आणि माजी संचालक. भांडून बाहेर पडल्यावर १६०९ मध्ये त्याने काही सोबती गोळा केले आणि हातात नसलेलेच शेअर विकायला काढले. हे कसं जमतं? समजा, आज एका भागाचा भाव शंभर आहे. मी तुम्हाला सांगतो, ‘वर्षभराने मी तुम्हाला हा भाग शंभरला देईन.’ माझ्याजवळ भाग नाही. मग मी बाजारात कुजबुज पसरवतो की जहाजं बुडाली, नफा गेला. भाव सत्तरवर येतो. मी सत्तरला घेतो, तुम्हाला शंभरला देतो, तीस खिशात. ल मेअरच्या टोळीने हेच केलं, म्हणजे अफवाही पसरवल्या. कंपनीने आरडाओरडा केला आणि १६१० मध्ये सरकारने हातात नसलेले शेअर विकण्यावर बंदी घातली. बंदी पाळली किती गेली, हा वेगळा विषय.

बंदराजवळच्या खानावळींचा धंदा याहून काळा होता. गावाकडून किंवा जर्मनीतून कामाच्या शोधात आलेल्या तरुणाला हे खानावळवाले उधारीवर जेवू घालत, दारू पाजत, झोपायला कोपरा देत. कर्ज पुरेसं चढलं की त्याला कंपनीच्या जहाजावर भरती करायचं आणि त्याच्या भावी पगारातून वसुलीचा कागद स्वतःच्या नावे करून घ्यायचा. पोरगा समुद्रात मेला तर कागदाची किंमत शून्य, म्हणून खानावळवाला तो कागद कमी किमतीत दुसऱ्याला विकून मोकळा होई. लोकांनी या मंडळींना ‘आत्मे विकणारे’ असं नाव ठेवलं होतं. माणसाच्या आयुष्याचा कागद हातोहात फिरतोय आणि प्रत्येक हात कायद्याने स्वच्छ! केटरडॅमच्या ‘बॅरल’ या बदनाम वस्तीत नेमकं हेच चालतं. कादंबरीतली इनेझ ही कसरतपटूंच्या घरातली मुलगी. तिला पळवून आणतात, कुंटणखान्यात विकतात आणि तिच्या नावावरही असाच एक कागद तयार होतो.

आता वेंगुर्लं. १६३७ मध्ये डचांनी तिथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करायला तो किनारा सोयीचा होता. त्या वखारीचे भग्न दगड आजही उभे आहेत. तेव्हा केटरडॅम हे आपल्यापासून फार लांबचं, परक्यांचं स्वप्न आहे असं समजायचं कारण नाही. त्या शेठजींचे मुनीम कोकणात वह्या लिहून गेले आहेत.

४. दरोडा वेगळा, ठकवणं वेगळं

पहिल्या भागाची कथा दरोड्याची आहे. काझ ब्रेकर, वय वर्षं सतरा, हातात काठी आणि कायम हातमोजे. (बार्डूगो यांना स्वतःला हाडांचा विकार आहे आणि त्यांनाही काठी वापरावी लागते, हे त्यांनीच लिहिलं आहे. काझची काठी म्हणूनच शोभेची वाटत नाही.) तो पाच जणांना घेऊन बर्फातल्या एका अभेद्य किल्ल्यात घुसतो आणि एका माणसाला सोडवून आणतो. काम देणारा आहे यान व्हान एक, व्यापारी मंडळातला बडा शेठ. बक्षीस तीन कोटी. काम झाल्यावर शेठ पैसे देत नाही, उलट इनेझला पळवतो. दुसरा भाग इथे सुरू होतो.

दरोड्याच्या गोष्टीला एक जुनं पथ्य आहे, ते सिनेमावाल्यांनी पाळून पाळून गुळगुळीत केलंय. प्रेक्षकाला बेत आधी सांगितला तर तो फसणार; सांगितला नाही तर यशस्वी होणार. १९५५ च्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटात तर दरोड्याचा जवळपास अर्ध्या तासाचा प्रसंग संवाद आणि संगीताशिवाय आहे. पहिल्या भागात बार्डूगो हेच पथ्य पाळतात, आणि छान पाळतात.

दुसऱ्या भागात मात्र त्या खेळच बदलतात. फोडायला आता कुलूप नाही. समोर एक प्रतिष्ठित माणूस आहे, त्याच्या पाठीशी कायदा, पोलीस आणि देऊळ. त्याला लुटता येत नाही. त्याला ठकवावं लागतं. लुटायला ताकद पुरते, ठकवायला समोरच्याची हाव लागते.

याचा खरा नमुना हवा असेल तर व्हिक्टर लुस्टिग घ्यावा. १९२५ मध्ये आयफेल टॉवर जुना झालाय, दुरुस्ती परवडत नाही, अशी चर्चा पॅरिसच्या वर्तमानपत्रांत होती. लुस्टिगने स्वतःला सरकारी अधिकारी म्हणवून भंगारच्या मोठ्या व्यापाऱ्यांना एका उंची हॉटेलात बोलावलं आणि सांगितलं: सरकार टॉवर मोडीत काढणार आहे, पण बोभाटा नको. एका व्यापाऱ्याला शंका आली, इतकी गुप्तता कशाला? तेव्हा लुस्टिगने हळूच सुचवलं की सरकारी पगारात भागत नाही. म्हणजे लाच मागितली. आणि व्यापाऱ्याची शंका फिटली! लाच मागतो म्हणजे खराच सरकारी माणूस असणार. पैसे गेले, लाचही गेली, आणि लाजेने तो पोलिसांकडेही गेला नाही.

काझचा बेत याच जातीचा आहे. तो काही नवं निर्माण करत नाही. शहराचे नियम आहेत तसे घेतो: लिलाव पवित्र, करार पवित्र, नफ्याची बातमी लपवून ठेवणं शहाणपणाचं. मग बनावट नावाने एक कंपनी उभी करतो, टोळीतल्या जेस्परच्या शेतकरी बापाला चांगले कपडे घालून धनिक म्हणून हॉटेलात बसवतो आणि मंडळातल्या शेठजींच्या कानावर बातमी ‘चुकून’ जाऊ देतो. बाकीचं काम शेठजी स्वतः करतात. मधेच साथ आल्याची हूल उठते, बंदरं बंद होतात, आणि साथीच्या भीतीने शहर कसं कोलमडतं हे वाचताना २०२० नंतरच्या वाचकाला थोडं कसंसंच होतं. ज्या पुस्तकाला लोक जादूची कादंबरी म्हणतात, त्याच्या सगळ्यात मोठ्या प्रसंगात मदार आहे ती जाहीर लिलावाच्या नियमांवर. ग्रीशा आहेत, पण ते हाताशी असलेल्या हत्यारांपैकी एक.

५. करडा रंग कुणाच्या शेजारी ठेवायचा?

आता मूळ प्रश्न. ही पोरं चांगली की वाईट?

चोर नायक काही बार्डूगो यांनी शोधलेला नाही. १८९० च्या दशकात ई. डब्ल्यू. हॉर्नंग यांनी रॅफल्स हा उच्चभ्रू चोर जन्माला घातला. हॉर्नंग म्हणजे शेरलॉक होम्सच्या जनकाचे मेहुणे, त्यामुळे घरातल्या घरात एकाने पोलिसांची बाजू घेतली, दुसऱ्याने चोरांची. १९०५ मध्ये फ्रेंचांचा आर्सेन ल्युपँ आला. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडने पिढ्यान्‌पिढ्या वाचनालयांत रांगा लावल्या. या सगळ्यांचा एक अलिखित करार असे: चोर श्रीमंतांनाच लुटणार, बायकामुलांना हात लावणार नाही, हात रक्ताने बरबटणार नाहीत.

काझ हा करार मोडतो. पहिल्या भागात तो एका माणसाचा डोळा काढतो आणि लेखिका त्यावर पांघरूण घालत नाही. दुसऱ्या भागात त्याचा जुना वैरी पेक्का रोलिन्स समोर येतो. नऊ वर्षांचा काझ आणि त्याचा थोरला भाऊ जॉर्डी बाप मेल्यावर शेत विकून शहरात आलेले असतात. पेक्का खोट्या नावाने त्यांच्याशी मायेने वागतो. घरी जेवायला बोलावतो, घरात बाई आहे, केसात लाल फीत बांधलेली मुलगी आहे. गुंतवणुकीच्या नावाखाली पैसे घेतो आणि एके दिवशी ते घर रिकामं असतं. बाई, मुलगी, सगळं भाड्याचं. पुढे साथीत जॉर्डी मरतो. मेलेल्यांच्या ढिगात टाकलेला काझ जिवंत असतो, आणि भावाचं प्रेत धरून पोहत किनाऱ्याला लागतो. हातमोजे त्यानंतरचे. माणसाच्या कातडीचा स्पर्शच त्याला सोसत नाही.

सूडाची वेळ येते तेव्हा काझ पेक्काला सांगतो की तुझ्या लहान मुलाला मी जिवंत पुरलं आहे. शहराला धाकात ठेवणारा गुंड गुडघ्यांवर येतो. काझला हवं असतं एवढंच की लुबाडलेल्या त्या पोराचं नाव त्याला आठवावं. मूल सुखरूप असतं, ते सगळं खोटं असतं, पण हे वाचकाला त्या क्षणी माहीत नसतं. वाचकाने काझला इथवर साथ दिलेली असते, आणि इथे त्याच्या पोटात गोळा येतो. मुलांनी हे वाचू नये असं वाटणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. गुन्हा आकर्षक दाखवणारं पुस्तक वाचकाला असं अवघडायला लावत नाही.

आणि तरीही खरा मुद्दा काझच्या शेजारी कोण उभं आहे, हा आहे. व्हान एक कुणाचा डोळा काढत नाही. तो कागद लिहितो. त्याचा मुलगा वायलन हुशार आहे, गणित आणि रसायन पक्कं, बासरी वाजवतो; पण अक्षरं त्याला लागत नाहीत. आज आपण त्याला डिस्लेक्सिया म्हणू. बापाच्या दृष्टीने हा वारस नालायक. म्हणून तो मुलाला संगीतशाळेत पाठवण्याच्या निमित्ताने एक पाकीट देऊन होडीत बसवतो, सोबत दोन माणसं. ती माणसं वाटेत वायलनचा गळा आवळायला येतात. पाकिटात शाळेचे कागद नसतातच. वाचता न येणाऱ्या मुलाला बापाने लिहिलेला टोमणा असतो. इतका थंड दुष्टपणा बॅरलमधल्या एकाही गुंडाकडून होत नाही.

पहिल्या भागात वायलनच्या नजरेतून एकही प्रकरण नव्हतं. बाकी पाच जण आळीपाळीने बोलत होते. दुसऱ्या भागात त्याला आवाज मिळतो आणि मग कळतं की आधी तो का गप्प ठेवला होता. त्याच्या डोक्यात शिरलो असतो तर त्याचं गुपित तेव्हाच फुटलं असतं. उत्तरार्ध लिहिणाऱ्याने पहिल्या भागात काय शिल्लक ठेवावं, याचा हा उत्तम धडा.

पुन्हा इतिहासाकडे. १६२१ मध्ये यान पीटर्सझोन कून या डच कंपनीच्या अधिकाऱ्याने जायफळाची मक्तेदारी मिळवायला बांदा बेटांवर हल्ला केला. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले बहुतेक मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम झाले. त्याच्या गावी, होर्नमध्ये, कूनचा पुतळा आहे. अॅमस्टरडॅमच्या गल्लीतल्या खिसेकापूला मात्र तुरुंगात लाकूड किसायला लावत. १५९६ पासून त्यासाठी खास तुरुंगच होता, तिथे कैदी ब्राझीलवुडचा भुसा पाडत आणि तो रंग बनवण्यासाठी विकला जाई. बार्डूगो यांच्या सहा जणांचा करडेपणा या प्रमाणात बघावा लागतो. ते निर्दोष नाहीत. त्यांच्या गुन्ह्यांना फक्त शिक्का मिळालेला नाही.

६. केशरी फूल आणि त्याचा अर्क

या भागातलं सगळ्यात गंभीर सूत्र व्यसनाचं आहे. जुर्डा नावाच्या झाडाची केशरी फुलं लोक जागरणासाठी चघळतात. निरुपद्रवी सवय. पण एका शास्त्रज्ञाच्या हातून त्यातून ‘जुर्डा पारेम’ तयार होतं. ते घेतलं की ग्रीशाची शक्ती अफाट वाढते आणि शरीर पहिल्याच मात्रेत त्याचं गुलाम होतं. साहजिकच प्रत्येक देशाला ते हवंय, आणि ज्या पोराला त्याचं सूत्र ठाऊक आहे तो, बर्फातल्या किल्ल्यातून सोडवून आणलेला कुवेईही.

ही कल्पना हवेतली नाही. अँडीज पर्वतातले लोक शतकानुशतकं कोकाची पानं चघळत आले; थकवा आणि उंचीचा त्रास कमी होतो म्हणून. १८६० च्या सुमारास आल्बर्ट नीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यातून कोकेन वेगळं काढलं. पान तेच, पण अर्क दुसरंच काही. आणि अशी रसायनं युद्धात वापरायचा मोहही जुना आहे: १९४० च्या फ्रान्स मोहिमेत जर्मन सैनिकांना पेर्व्हिटिन नावाच्या मेथअॅम्फेटामाइनच्या गोळ्या लाखोंनी वाटल्या गेल्या होत्या.

नीना ही टोळीतली ग्रीशा मित्रांना वाचवण्यासाठी पारेम घेते, ते पहिल्या भागाच्या शेवटी. त्या वेळी ते शौर्य वाटतं. दुसऱ्या भागात त्याचं बिल येतं. शरीर खंगलेलं, हात थरथरतात, शिल्लक पुडी कुठे ठेवली आहे याचाच विचार मनात. बार्डूगो तिला झटपट बरं करत नाहीत. व्यसन सुटतं तेव्हा तिची जुनी शक्तीही गेलेली असते. जिवंत माणसांच्या ठोक्यांवर हुकूम चालवणारी नीना आता मेलेल्यांची चाहूल घेते. किशोरवयीनांच्या साहित्यात व्यसनावरची भाषणं पुष्कळ असतात. इथे भाषण नाही, पथ्य आहे, घाम आहे, चिडचिड आहे.

जेस्परचा जुगार हे याचंच हलकं रूप. बापाने शेत गहाण टाकून शिक्षणाला पाठवलेले पैसे त्याने पत्त्यांवर उडवले आहेत, आणि बाप एक दिवस स्वतःच शहरात येऊन उभा राहतो. सातबाऱ्यावर बोजा चढवून पुण्या-मुंबईला मुलगा पाठवणाऱ्या घरात हे प्रकरण कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

७. कोणत्या वयाला, कोणत्या क्रमाने

उत्तर, एकदाचं. दहा-अकराच्या मुलासाठी हे पुस्तक नाही: कुंटणखाना, प्रेतं आणि छळ यांचे उल्लेख स्पष्ट आहेत. चौदाच्या पुढे हरकत नसावी, आणि घरातल्या मोठ्यांपैकी कुणी सोबत वाचलं तर उत्तमच. सहापैकी सगळे शेवटपर्यंत पोचत नाहीत, हेही आधी सांगून ठेवलेलं बरं. रात्री दोनला पुस्तक भिंतीवर आपटल्याचा आवाज आला तर घाबरू नये.

पहिला भाग वगळून दुसरा उघडू नये. व्हान एकचा दगा, नीनाचा त्याग, काझचे हातमोजे, सगळ्याची मुळं तिकडे आहेत. बार्डूगो यांची आधीची कादंबरीत्रयी मात्र वाचली नसली तरी अडत नाही. नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये ‘शॅडो अँड बोन’ ही मालिका काढली तेव्हा काझ, इनेझ आणि जेस्परला त्या आधीच्या कथेतच गुंफून टाकलं. इनेझ झाली नेपाळमध्ये जन्मलेली अमिता सुमन. दुसरा हंगाम मार्च २०२३ मध्ये आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालिका बंद झाली. बर्फातल्या किल्ल्यावरचा दरोडा पडद्यावर आलाच नाही, देवळातला लिलावही नाही. ते दोन्ही अजून तरी फक्त काळ्या आणि लाल कडांच्या पानांतच आहेत.